'हात' नावाचा कॉलम

आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये एक सीझन काढलेल्या बाईच्या पर्समधून पेंढा कधी जात नाही. झटका, धुवा, उलटी टांगा, पुढच्या आठवड्यात परत दोन काड्या हजर. किस्स्यांचं तसंच आहे. मी घरी एकच सांगायला बसते आणि चहा गार होईपर्यंत पाच निघतात. आज बसलोच आहोत तर ऐका.

आमची कंपनी म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, दोन एसी (त्यातला एक चालू) आणि दोन पार्टनर. कोड लिहिणारा नित्या, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन त्याला नक्की काय हवंय ते नित्याला सांगणारी मी, सुजाता. फळं पॅक करून परदेशी पाठवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं असं आम्ही ठरवलं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं मरोळच्या पॅकहाऊसचे परबशेठ. तेही अटीवर.

"एक सीझन बघतलंय. जमला तर तुमचा, नाय तर ती मोठी कंपनी आसाच."

मोठ्या कंपनीचा माणूस दर पंधरा दिवसांनी मरोळला येऊन बसायचा. कोट घालून. मे महिन्यात कोट! आम्ही त्याचं नावच कोटवाला ठेवलं होतं. शेठ त्याच्याकडे गेले असते तर आमच्या गाळ्याचं शटर खाली, एवढं सरळ होतं सगळं.

*

पहिला डेमो. नित्याने ऐटीत स्क्रीन उघडला. आंब्याची प्रत निवडायला तीन पर्याय: कच्चा, अर्धा पिकलेला, पिकलेला.

परबशेठ मूळचे देवगडचे. आंब्यावर बोलायला लागले की मालवणीवर येतात, आणि चिडले तर विचारूच नका. त्यांनी स्क्रीन बघितला आणि नित्याकडे वळले.

"रे, तू खयचो?"

"चारकोपचा."

"तां नाय. गाव खयचा?"

"मालवण."

"मालवणचो झिल, आणि आंब्याचे तीन प्रकार?"

नित्याला त्यांनी दोन दिवस पॅकिंगच्या बायकांबरोबर टेबलाशी उभं केलं. कोवळा कुठला, पाड लागलेला कुठला, तयार कुठला, चीक सांडून डागळलेला कुठला, आणि साका म्हणजे काय. साका म्हणजे वरून एकदम देखणा आणि कापला की आत पांढरा, स्पंजसारखा. नित्या प्रत्येक प्रकार नीट समजून घ्यायचा, म्हणजे खायचा.

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर अकरा पर्याय होते आणि नित्याच्या तोंडावर बारा पुटकुळ्या.

*

मग टॅबची भानगड. प्रत्येक बाईसमोर एक टॅब लावला. पेटी भरली की स्क्रीनवर बोट लावायचं, लेबल बाहेर येणार. चारकोपमध्ये झकास चाललं. मरोळला वाट लागली! कारण पॅकिंगच्या बायका हातात ग्लोव्ह्ज घालतात आणि ग्लोव्ह्जवाल्या बोटाला टॅब हूं की चूं करत नाही. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक पेटीला ग्लोव्ह काढा, परत घाला, एवढा वेळ कोणाकडे?

बायकांनी आम्हाला विचारलंही नाही. त्यांनी नाकाने बटण दाबायला सुरुवात केली.

निर्यातीचं सर्टिफिकेट देणारे साहेब तपासणीला आले तेव्हा बारा बायका एकामागून एक टॅबपुढे वाकत होत्या. साहेब आधी खूश झाले. "वा! कामाला नमस्कार करून सुरुवात!" मग दोन मिनिटं नीट बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "नाक? फूड लाइनवर नाक? उद्यापर्यंत बंद करा, नाहीतर माझी सही विसरा."

तेव्हा विमलमावशी पुढे आली. विमलमावशी म्हणजे घाटकोपरची, त्या टेबलावर एकोणीस वर्षं काढलेली, बारा जणींची म्होरकी.

"माझ्या शिलाई मशीनचं पायडल काढून आणते. मोटरचं आहे. पायाने दाबलं तर चालेल ना तुझ्या टॅबला?"

चाललं की! बाकीची अकरा बाजारातून आणली, नित्याने रात्रभर वायरी जोडल्या आणि दुसऱ्या दिवशी बाराही टेबलांखाली पायडलं होती. साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी स्वतः पाय ठेवून बघितला. एकदा, दोनदा, तीनदा. तीन लेबलं बाहेर आली.

मावशीने ती फाडून त्यांच्या हातात दिली. "आता तीन पेट्या भरा साहेब."

*

कोल्ड रूमचा किस्सा मी शेठसमोर अजून सांगत नाही.

आमच्या सेन्सरवर रोज दुपारी दीडला तापमान चढायचं आणि दोनला परत उतरायचं. शेठ फोनवर ओरडायचे, "तुमचो सेन्सर बोगस आसा! माझो माल खराब करतलास!" नित्याने सेन्सर दोनदा बदलला. वायर बदलली. कोड वरून खालपर्यंत परत वाचला. शेठनी बोर्ड लावला: दार उघडं ठेवणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल. तरी दीड वाजला की आकडा वर.

शेवटी मी म्हटलं, बस झालं. डबा घेतला आणि सव्वा वाजल्यापासून कोल्ड रूमच्या समोर खोक्यावर बसले.

दीडला शेठ आले. एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची, खांद्यावर टॉवेल. इकडेतिकडे बघितलं, आत गेले, गुदमरायला नको म्हणून दार हातभर उघडं ठेवलं आणि खुर्चीत पसरले. पाच मिनिटांत घोरायला लागले. मी डबा संपवला, हात धुतले आणि ग्राफची प्रिंट घेऊन खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

शेठनी एक डोळा उघडला. प्रिंट बघितली. मग बोर्ड बघितला.

"सेन्सर बरो आसा," म्हणाले आणि खुर्ची उचलून गेले.

*

आता 'हात' नावाच्या कॉलमबद्दल. बाग, तारीख, प्रत, कोल्ड रूम, सगळं स्क्रीनवर येत होतं. विमलमावशी म्हणाली, "एक राहिलं. पेटी कोणाच्या हाताने भरली ते?"

"मावशी, ते ऑडिटला लागत नाही," नित्या म्हणाला.

"आम्हाला लागतं. शेतकऱ्याचं नाव येतं, शेठचं येतं, ट्रकचा नंबरसुद्धा येतो. आमचंच तेवढं नाही?"

"अगं पण पेटीसारखी पेटी. कोणीही भरली तरी काय फरक?"

मावशी पाठ करून उभी राहिली. "लेबलं झाकून दहा पेट्या लाव."

नित्याने लावल्या. मावशी वळली आणि नुसती बघत चालत गेली. "रुखसाना. कमल. कमल. ही सुनंदाची, तिला जाळी ओढून बसवायची सवय आहे. ही माझी." दहाच्या दहा बरोबर! नित्याने एकेकीला विचारून खात्री केली.

"तुझी कशी ओळखलीस?" मी विचारलं.

"मी डावरी ना गं. लेबलाची बाजू आपल्याकडे केली की सगळ्यांच्या पेटीत देठं डावीकडे बघतात. माझ्या पेटीत उजवीकडे."

शेठ मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी होकार दिला, पण सरळ नाही. "नाव लागला तर जबाबदारी पण लागतली. तक्रार इली तर त्या हाताक घरी बसवतलंय. चलात?"

"चालेल," मावशी म्हणाली.

त्या दिवशी बाराही जणींनी स्क्रीनवर आलेल्या आपापल्या नावाचा फोटो काढला. रुखसानाने तो स्टेटसला ठेवला.

*

कोटवाल्याचा डेमोही मी बघितलाय. त्याच्याकडे अडीचशे कॉलम होते. त्याने ते सगळे दाखवले. मध्ये चहा झाला, वडापाव झाले, परत कॉलम. मी मनात घाबरले होते, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे अठ्ठावीस होते.

"सीझन संपाक आठ दिवस आसत," शेठ त्याला म्हणाले. "शेवटच्या दिवशी कागद घेऊन ये."

म्हणजे त्याच्याशी करार करायचं मन जवळजवळ झालंच होतं त्यांचं.

*

आणि तो शेवटचा दिवस.

सकाळी दुबईच्या खरेदीदाराकडून फोटो आले. पेटी उघडलेली, आंबे काळे पडलेले, पाणी सुटलेलं. अशा पन्नास पेट्या, म्हणाला, आणि यापुढे तुमचा माल नको. लेबलावरचा कोड फोटोत स्पष्ट दिसत होता. शेठनी तो आमच्याच सिस्टीममध्ये टाकायला सांगितला. नित्याने टाकला. बाग आली, तारीख आली, कोल्ड रूम आली. सगळ्यात खाली आलं, हात: विमल.

बाहेरच्या खुर्चीवर कोटवाला कागद घेऊन बसलेला, दार उघडं. नित्या माझ्याकडे बघेना आणि मी मावशीकडे. आमचं शटर जाणार ते जाऊ दे यार, पण एकोणीस वर्षांची बाई आमच्या स्क्रीनमुळे घरी बसणार! आणि कॉलम तिनेच मागून घेतलेला. मला भरून आलं, अगदी खरं सांगते.

"विमल," शेठ हळू आवाजात म्हणाले. "तू बोललंलस, चालेल."

"बोलले होते." मावशीने ग्लोव्ह्ज काढले, घडी करून टेबलावर ठेवले. मग कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला. "सुजाता, तो फोटो मोठा कर. अजून. लेबल नको, आंबे दाखव."

ती स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की परत नाकाने दाबतेय की काय असं वाटलं.

"पेटी माझी आहे," ती म्हणाली. "आंबे माझे नाहीत. देठं बघा."

काळ्या पडलेल्या बाराही आंब्यांची देठं डावीकडे होती.

नित्याने बाकीचे फोटो उघडले. डावीकडे. डावीकडे. प्रत्येक कोडला हात विमल (ती अख्खी खेप तिच्याच टेबलावरून गेलेली) आणि एकही देठ उजवीकडे नाही!

शेठनी दुबईला व्हिडिओ कॉल लावला. "सील न तोडी हुई एक पेटी मेरे सामने खोलो." तिकडच्या माणसाने कोपऱ्यातून एक ओढून आणली, कोड कॅमेऱ्यापुढे धरला, नित्याने तो टाकला. विमल. टेप फाडली, झाकण उघडलं. बारा आंबे, पिवळेधमक, आणि बाराही देठं उजवीकडे! मागे कमल किंचाळली, रुखसानाने टाळ्या पिटल्या, मी मावशीच्या गळ्यातच पडले.

तासाभराने दुबईहून फोन आला. "परबभाई, माफ करना. गलती हमारे गोदाम की है. आपकी खाली पेटियों में किसी और का माल भर दिया था." आणि पुढच्या सीझनला दुप्पट माल पाठवा म्हणाला. वर एक विनंती केली, ती उजवीकडच्या देठांच्या पेट्यांची.

मावशीने ग्लोव्ह्ज परत चढवले आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली. ट्रे अर्धा राहिला होता.

शेठनी डोळे पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. कोटवाला लगबगीने उठला, कागद पुढे केला, वर पेन ठेवलं.

"अडीचशे कॉलम आसत ना तुझ्यात?" शेठनी विचारलं.

"दोनशे साठ, सर! नवीन व्हर्जन!"

"त्यात 'हात' आसा?"

कोटवाला गोंधळला. "हात? सर... कुठला हात?"

"डावो."