पापलेटांशेजारच्या पट्ट्या

दर हिवाळ्यात जॉर्जियाला स्कीइंगला निघण्याआधी मी आमच्या वाळवंटी अरबी शहरातल्या अल क्वोज भागातल्या त्या दुकानात जातो. बर्फाचा चढ चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, त्यांना स्किन्स म्हणतात. त्या विकणारा माणूस रत्नागिरीचा. बर्फाचा डोंगर त्याने कधी पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही नाही.

या वर्षी मी हलक्या, झपकन पुढे सरकणाऱ्या पट्ट्या मागितल्या. त्याने एकीवरून तळवा आधी सुलट फिरवला, मग उलट.

"ह्या नको, साहेब. ह्यांची चढावर पकड कमी. मागच्या वर्षी गुडघा सुजवून आलात. जाड घ्या."

मग नेहमीप्रमाणे दुकानातल्या फ्रीजरमधून, स्वतःच्या पापलेटांशेजारून, त्याने एक जोडी काढली. "दोन दिवस गोठवून पाहिलीये. गोंद सुटत नाही. यल्ला, घेऊन जा."

परत आल्यावर मी कौतुकाने त्याला फोटो दाखवला. त्यात शिखर होतं, निळं आभाळ होतं आणि मी होतो. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, शिखर ओलांडलं, मला ओलांडलं आणि माझ्या पायांपाशी येऊन थांबला.

"पट्टी मागच्या टोकाला बोटभर सुटलीये," तो म्हणाला, "आणि तुम्ही हसताय?"