मामंजींची दुसरी उकळी

जेवायला बसले की मामंजी आधी पानातले मीठ बोटाने पसरून बघत. कण चौकोनी दिसले की मगच पहिला घास घेत. मी नवी सून. मला वाटायचे, हे माझ्या स्वयंपाकात खोट काढताहेत. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, लग्नात माझं तोंड बघायच्या आधी यांनी नथीतले खडे बघितले होते!"

मामंजी सोरा करत. नागझरीच्या काठी आमची भट्टी होती आणि तिथला सोरा तोफांच्या दारूसाठी सरकारी दारूखान्यात जाई. पडक्या भिंतींची खारी माती भिजवायची, ते पाणी गाळून काहिलीत उकळायचे आणि परातीत निवत ठेवायचे. निवता निवता त्यात लांब, बारीक सुया धरत. तो सोरा. सुयांमध्ये चौकोनी कण दिसले तर ते मीठ. "ज्याचा त्याचा घाट ठरलेला," मामंजी म्हणत. "मीठ चौकोनी, तुरटी आठ अंगांची, सोरा सुईसारखा. ठेचा, विरघळवा, परत त्याच घाटात येणार. पोटात असेल तेच अंगावर दिसतं."

मीठ राहिले की दारू ओल धरते आणि ऐन वेळी दगा देते. म्हणून पहिल्या सुया पुन्हा पाण्यात घालून ते दुसरी उकळी देत. शोभेच्या दारूचा एक व्यापारी एकदा म्हणाला, "काका, पहिल्या उकळीचाच द्या की. कोण बघतंय?"

"मग आपण मीठच न्या," मामंजी म्हणाले. "बाण उडाला नाही तर आमटीत तरी पडेल."

आमचे हे तोफखान्यात गोलंदाज होते. मोहिमेची घाई झाली तेव्हा सोरा न्यायला हेच भट्टीवर आले. परातीत सुया धरल्या होत्या, पण मधूनमधून चौकोनी कण चमकत होते.

"उद्यापर्यंत थांब," मामंजी म्हणाले. "दुसरी उकळी राहिली आहे."

"आबा, गाड्या जुंपल्यात. आपलाच सोरा मागे राहिला तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

मामंजींनी या बाबतीत जन्मात कुणाचे ऐकले नव्हते. मुलाचे ऐकले.

हे परत आले नाहीत. गेले, एवढाच निरोप आला. कसे गेले, ते कुणी सांगितले नाही.

त्यानंतर मामंजींचा सोरा भट्टीबाहेर पडेना. दुसरी उकळी झाली की तिसरी, तिसरीवर आणखी एक. दारूखान्याचा माणूस हात हलवत परत जाई. परात माझ्यापुढे धरून मामंजी विचारत, "सूनबाई, चौकोनी काही दिसतं का गं?" मी नाही म्हणायची, आणि ते त्या सुया पुन्हा पाण्यात लोटायचे. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही.

मोहीम परतल्यावर यांच्याच तोफेवरचा दाऊद गोलंदाज घरी आला. जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, तापानं गेला हो तो. वाटेतच. तोफ डागायची वेळच आली नव्हती."

मामंजींनी त्याला पाणी दिले, पाठीवर हात ठेवला. तो गेल्यावर म्हणाले, "भला माणूस. आपल्यासाठी खोटं बोलायला एवढ्या लांब आला."

त्याच उन्हाळ्यात मामंजी गेले. दाऊद खरे बोलला की खोटे, मला आजही ठाऊक नाही. मी मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकले होते की ते खरेच. नाहीतर त्या घरात राहून त्यांना मामंजी म्हणून हाक मारायला माझी जीभ रेटली नसती.