आपा होते तोवर

आपा कांबळी गेल्याची बातमी त्यांनी सांभाळलेला दामूच घेऊन आला. रेडीच्या शाळेत माझा चौथीचा वर्ग चालू होता. दारात उभा राहून तो म्हणाला, "बाई, आपा गेले... सकाळी चाय पितापिता." अशा वेळी माणसाने काय म्हणावं? रडावं, निदान पोराचा हात तरी धरावा. माझ्या तोंडून निघालं, "पुंडलिकाला कळलंय का? तू एकटा फिरू नकोस हं." दामूला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. या पोराचा जीव पुंडलिकाने आपांना दिलेल्या एका शब्दावर शाबूत होता, आणि तो शब्द आपांच्या आयुष्यापुरताच होता. आज त्याला महिना होऊन गेला, म्हणून लिहिते.

आपा काही पुढारी नव्हते. कोणी हार घालायला आलं असतं तर मागच्या दाराने पळाले असते. खाडीकाठी घर, थोडे माड आणि काथ्याचं सुंभ वळायचा धंदा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पंचावन्न साली गोव्याच्या हद्दीवर गोळ्या चालल्या, पलीकडे पेडण्यात पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, पोलिसांनी घराघरांतून माणसं ओढून नेली, आणि खाडी ओलांडून पोरं यायला लागली. बाप तुरुंगात, आई कुठल्या तरी नातलगाच्या पडवीत... लहान मूल असेल तर कोणीही कडेवर घेतं हो! पण मिसरूड फुटलेल्या, डोळ्यांत रक्त उतरलेल्या दांडग्याला घरात कोण घेणार? आपांनी घेतलं. आम्ही गावातल्या चार माणसांनी तांदूळ, कपडे गोळा करायचं काम उचललं, आणि शाळा सुटली की मी तिथे जाऊन जखमा धुवायची, मराठी वाचायला शिकवायची. शिकवायची कसली, डोंबल! अर्धा वेळ भांडणं सोडवण्यातच जायचा. तांब्यावरून, चटईवरून, कोणाच्या बापाने मार खाऊन तोंड उघडलं आणि कोणाच्या नाही यावरून ती पोरं एकमेकांच्या नरड्याला लागत. एकाने दुसऱ्याचा कान असा चावला की तुकडा लोंबत होता. मी किंचाळत होते. आपांनी दोघांना पाणी पाजलं, कान बांधला आणि त्या दोघांनाच एका सुंभाच्या दोन टोकांना उभं केलं. सुंभ वळताना दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात. पुढे आलात तर पीळ उलगडतो, सोडलंत तर सगळंच गेलं. शिव्या द्यायला बंदी नव्हती. संध्याकाळपर्यंत दोघे शिव्या देत वळत होते, आणि जेवायला शेजारी बसले. ही आपांची पद्धत.

पण याच पद्धतीने एकदा घात केला. पुंडलिक आला तो मळभ दाटलेल्या दुपारी, होडीतून. पंधरा वर्षांचं पोर. त्याच्या बापाने घरात सत्याग्रही लपवले होते. गावातल्याच एकाने चुगली केली. पोलिसांनी बापाला पोराच्या देखत मारलं, पोराला बापाच्या देखत. बाप कोठडीतच मेला. पुंडलिकाचे तळहात भाकरीएवढे सुजले होते, नखांखाली रक्त काळं झालं होतं. तो कोणाशी बोलेना. जेवायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा. सूज उतरल्यावर आपांनी त्याला अंगणात नेलं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवतात आणि मग चपट्या लाकडी थापीने बडवून त्यातून काथ्या काढतात. रागावलेल्या पोराला हे काम चांगलं, घाम येतो, झोप लागते, असा आपांचा हिशेब. त्यांनी मायेने हसत थापी त्याच्यासमोर धरली. "घे रे, बडय. जितको राग आसा तितको बडय."

पोराने थापी घेतली आणि आपांच्या तोंडावर हाणली. एकदा नव्हे. आपा पडले तरी हाणत होता, खांद्यावर, बरगड्यांवर, आणि घशातून असा आवाज काढत होता की गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. आम्ही तिघाचौघांनी त्याला ओढला. आपांच्या तोंडातून रक्ताबरोबर दोन दात पडले. तेव्हा पुंडलिक पहिल्यांदा बोलला. "असल्याच लाकडान... माका आणि बापाशीक... असल्याच." पलीकडच्या कोठडीत तळहातांवर मारायला असलीच मुठीची, चपटी थापी असते, ती पाल्मातोरी, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पण आमच्या अंगणात ती रोजच्या वापरातली वस्तू, कोणाच्या ध्यानात यावं? आपा रक्त थुंकत म्हणाले, "चूक माजी रे झिला. माका कळूक व्हया होता." मग माझ्याकडे वळून, "बाई, रडू नको गो. ते दात दुखतच होते." त्या दिवसापासून त्या घरात थापी बंद. खाडीतले गुळगुळीत गोटे आणले, आणि त्यानंतर तिथला सगळा काथ्या दगडांनीच बडवला गेला. वेळ दुप्पट लागे, हात सोलवटत, व्यापारी हसत. हसू देत मेल्यांना!

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. पोरं नाचत, गुलाल उधळत आपापल्या गावी गेली. पुंडलिक आता एकवीस वर्षांचा बाप्या झाला होता. तो मात्र नाचला नाही. कोयता घेऊन गेला. त्या चुगलखोरासाठी! पण तो पोचायच्या आधीच गावाने त्या माणसाला विहिरीवर गाठून ठेचला होता, घर पेटवून दिलं होतं. आणि त्याचा तेरा वर्षांचा मुलगा, हाच आमचा दामू, धुराने काळा झालेला, खाडी ओलांडून इकडे आला. नाव न विचारता आपांनी त्याला पेज वाढली. सकाळी पुंडलिक दहाबारा जणांना घेऊन अंगणात उभा. "आपा, पोर भायर काडा. बापूस दुसऱ्यांनी मारलो. माज्या वाट्याक ह्योच उरलो."

मी त्याला म्हटलं, "लाज नाही वाटत? चोर सोडून संन्याशाला फाशी?" तेवढ्यात कोणाचा तरी धोंडा आला. आपांचं कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त उतरत होतं, तरी उंबऱ्यावरून हलले नाहीत. म्हणाले, "पुंडलिका, तू इलंस तेवा तुजो बापूस कोण ता मी इचारूक नाय. ह्येकाय इचारूचंय नाय." पुंडलिक त्या रक्ताकडे बघत राहिला. मग कोयता मातीत रोवून म्हणाला, "तुमी जिते आसास तोवर मी तेका हात लावूचंय नाय. मगे माका कोण अडवता ता बघूया." आणि निघून गेला. तो शब्द त्याने पाळला. दर गणपतीला यायचा, आपांच्या पाया पडायचा, दामूकडे न बघता परत जायचा. आपांनी त्याला कधी पुढचं विचारलं नाही. मी आपांवर चिडायचे, "अहो, कायमचं वचन घ्या ना त्याच्याकडून, तुम्ही अमरपट्टा घेऊन आला आहात का?" तर नुसते हसायचे, दोन दातांच्या फटीतून.

दहाव्याला खाडीवर पुंडलिक आला. बायकांनी तिथे जायची रीत नाही. मी गेले. कोण मला अडवणार होतं! पिंड ठेवला की कावळा शिवणार नाही, हे सगळे धरूनच चालले होते. जीव दामूत अडकलेला असणार, दामूला सोडलं असं पुंडलिकाने सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय कावळा कसला येतोय? आपांच्या पुतण्याने त्याला आधीच विनवलं. तो म्हणाला, "शिवांदे नाय तर रवांदे. मी बोलूचंय नाय. ह्याच सांगूक इलंय." दामू पलीकडे सुरूच्या झाडाला टेकून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

पुतण्याने पिंड ठेवला, हात जोडून मागे सरला, आणि सरतो न सरतो तोच कावळा आला. धिटाईने भाताचा घास घेऊन उडाला. दुसरा आला. तिसरा.

पुंडलिकाचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला. "असो कसो शिवलो?" तो ओरडला. "कोणी कायेक सांगूक नाय... असो कसो शिवलो? आपांचो जीव खंयच अडकलो नाय? माज्यात सुद्धा नाय?" तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही मुठींनी वाळू बडवायला लागला, मुठी फुटेपर्यंत. मला आठवतं, मी म्हटलं, "बस कर रे बाबा, बस कर." बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. माझ्याकडे नव्हे, दामूकडे. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"घराक जा तू," तो म्हणाला. "आपा तुका माज्या भरवशार सोडून गेले रे."

दामू गेला नाही. तो येऊन त्याच्या शेजारी वाळूत बसला. मग मला राहवेना, मी दोघांवर खेकसले की ऊन चढतंय, उठा, घरी माणसं जेवायची थांबलीत. तेव्हा कुठे ते उठले.