परक्या आवाजांची सवय

लातूरला मी मराठी लघुलेखन शिकत होतो, तेव्हा खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुसरा मुरुडचा. तो वाचायचा, मी रेघा ओढत टिपून घ्यायचो. मग मी वाचायचो आणि तो टिपायचा. सरकारी लघुलेखकाच्या परीक्षेत दोघंही नापास झालो आणि तो वडिलांच्या कापड दुकानात बसायला निघून गेला. जाताना म्हणाला, तुझंही शिरूरला दुकान आहेच की, तूही जा. मी गेलो नाही. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. लघुलेखन येईपर्यंत हलायचं नाही, एवढंच आतून पक्कं होतं.

पण या कामाला वाचणारा लागतो. मी मोबाईलवर स्वतःचाच आवाज भरून महिनाभर लिहिलं. वेग वाढल्यासारखा वाटला. मग शिकवणीच्या सरांनी एक उतारा वाचला आणि माझी निम्मी वाक्यं सुटली. ते म्हणाले, "स्वतःचा आवाज हाताला आधीच पाठ असतो. परके आवाज शोध."

तेव्हापासून रोज संध्याकाळी वही घेऊन निघायचो. मठातलं प्रवचन, सत्कार, निरोप समारंभ, जिथं कुणी बोलत असेल तिथं मागच्या खुर्चीवर बसायचो. एक दिवस चुकवला नाही, ताप असतानाही. हजारो शब्द कानावर पडायचे, त्यातला एकही माझ्यासाठी नसायचा. मेसच्या मावशींनी भाजी वाढू का विचारलं, की माझा आवाज घोगरा निघायचा. दिवसातलं ते पहिलंच बोलणं असायचं.

एकदा असाच एका शोकसभेत बसलो होतो. एक निवृत्त शिक्षक वारले होते. सभा संपल्यावर त्यांच्या पत्नी सरळ माझ्याकडे आल्या. मी घाबरलो. आपण इथं कशाला आलो, हे काय सांगणार?

"तू लिहीत होतास ना, बाबा? मला ऐकू कमी येतं. लोक काय काय म्हणले ह्यांच्याबद्दल?"

लोक खुर्च्या गोळा करत होते. मी त्यांच्या कानाशी बसून एकेक भाषण मोठ्यानं वाचलं. सर कधीच कुणावर रागावले नाहीत, असं एकजण बोलला होता. तिथं त्या हसल्या.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "पण परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी कोण, हे विचारलं नाही.

पुढच्या खेपेला पास झालो. आता नांदेडला एका कार्यालयात साहेबांचं बोलणं टिपतो. निकाल कळला तेव्हा लातूरच्या खोलीत एकटाच होतो. वडिलांना फोन केला, तर दुकानात गिऱ्हाईक होतं. "लई चांगलं झालं, मग बोलू," म्हणाले. मेसमध्ये गेलो. मावशींना सांगावं म्हणून ताट घेऊन थोडा थांबलो, पण मागं रांग होती.