लाल शेवाळाचं बारसं

चार बॉटनीवाले ओहोटीला खडकांवर उतरले की किस्से जमणारच. आमच्या डिपार्टमेंटमध्ये तर सर होते. त्यामुळे शेवाळ कमी, किस्से जास्त!

*

मुरुडच्या खडकांवरून आणलेलं लाल शेवाळ सरांनी लॉजच्या बादलीत, नळाच्या पाण्यात भिजत घातलं. समुद्रातल्या शेवाळाला गोडं पाणी सोसत नाही, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. सकाळी शेवाळ फिक्कट! सरांनी लगेच प्राचार्यांना फोन लावला, "नवी जात सापडली. रंगच वेगळा आहे."

"सर, रंग बादलीत आहे," वैदेही म्हणाली. ही त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सगळं काम तीच करायची.

*

शेवाळ कागदावर पसरून, वर फडकं घालून, रद्दीत दाबून वाळवतात. दिवेआगरला सरांनी फडकं घालूच दिलं नाही. "उगाच सोपस्कार!" वाळल्यावर बघतो तर शेवाळावर रद्दी घट्ट चिकटलेली, आणि वर कन्या राशीचं भविष्य.

सर म्हणाले, "असू दे. नमुन्यावर तारीख लिहावीच लागते, ती आयतीच छापून आली."

*

मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीनं एकदा विचारलं, "सायेब, ह्ये खातात काय?"

"नाही. आम्ही त्याला नाव देतो."

"मंग त्याला कललं काय, नाव ठेवलंय त्ये?"

सरांनी तिला जैवविविधतेवर भाषण दिलं. बाई बोंबील पालटत राहिली.

*

सरांच्या जीपमधून हरिहरेश्वरला गेलो, तेव्हा देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेखालच्या खडकात वैदेहीला मात्र खरोखरच नवी जात सापडली. मायक्रोस्कोप, डीएनए, सगळं तिनंच केलं. तिची पीएच.डी. त्यावरच अडलेली. सरांनी पेपरवर स्वतःचं नाव पहिलं घातलं, तिचं शेवटी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग सरांना आणखी हाव सुटली. जातीलाच आपलं नाव हवं! पण आपण शोधलेल्या जातीला आपलंच नाव देणं आमच्यात लाजिरवाणं मानतात. दुसऱ्यानं दिलं तर तो मान. म्हणून सरांनी लेखकांच्या यादीतून स्वतःच्या हातानं स्वतःला वगळलं.

"आता तू एकटीच लेखिका. नाव कुणाचं द्यायचं, कळलं ना?"

"हो सर."

पेपर छापून आला. पेढे सरांनीच आणले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी चष्मा लावला. जातीला नाव होतं हरिहरेश्वरचं. सर पानं उलटत राहिले. अगदी शेवटी, आभारांत, ते एकदाचे सापडले: "जीप दिल्याबद्दल."