वाढत्या अंगाचा वेटसूट

लहानपणी माझ्या अंगावर माझ्या मापाचा कपडा कधी आलाच नाही. शाळेचा ब्लेझर बोटांच्या टोकांपर्यंत, स्कर्टच्या कमरेला सेफ्टी पिना आणि बुटांच्या पुढच्या टोकात कापूस. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या शाळेतल्या बाकीच्या मुली होत्या तेवढ्या दिसायच्या; मी पुढच्या वर्षी जेवढी होणार तेवढी दिसायचे. कुठल्याही दुकानात शिरलं की आईचं एकच वाक्य असायचं, "वाढतं अंग आहे, जरा मोठाच बघू." लग्नाआधी तिने पुण्यात शिवणक्लास केला होता. मोठा कपडा आणायचा, आत घ्यायचा आणि मी वाढेन तसा उसवत जायचा, हे तिचं शास्त्र होतं आणि ते कधी फसलं नव्हतं. मग तिने ते वेटसूटला, म्हणजे गार समुद्रात घालायच्या रबरी सूटला लावलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाबा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते आणि मी नुकती चौदा वर्षांची झाले होते. माझी एक वर्गमैत्रीण दर रविवारी वडिलांबरोबर बोर्नमथला सर्फिंगला जायची. तिने एकदा मला नेलं. फळीवर मी उभी राहिले ती जेमतेम एक श्वासभर, पण त्या एका श्वासाने माझं डोकं फिरलं ते कायमचं. अडचण अशी की त्या किनाऱ्यावर उन्हाळाभर समुद्र सपाट पडलेला असतो. लाटा येतात त्या ऑक्टोबरनंतर, वादळं सुरू झाली की. म्हणजे लाट हवी असेल तर नेमकं थंडीतच पाण्यात उतरायचं.

मैत्रिणीने मला तिचा जुना सूट दिला होता. तो उन्हाळ्यातला, पातळ, कोपरावर फाटलेला. थोड्याच वेळात माझी दातखीळ बसायची आणि मला बाहेर यावं लागायचं. ते दोघं बापलेक पुढचा तासभर लाटांवर मजा करायचे आणि मी टॉवेल गुंडाळून वाळूवर बसायचे. त्यांच्याकडे बघून मला चक्क रडू यायचं. मला जगाकडून तेव्हा एवढंच हवं होतं की त्यांच्याइतका वेळ पाण्यात राहता यावं.

त्यात नोव्हेंबरमध्ये माझी छाती भरली. मी तशी लहानपणापासूनच खोकलेकर. बाबांनी स्टेथोस्कोप लावला, कानातून काढला आणि निकाल दिला.

"एकदा झालं ते झालं. पुन्हा छाती भरली तर समुद्र बंद. आय मीन इट."

मी आईकडे बघितलंसुद्धा नाही, कारण तिच्याकडून मदतीची आशाच नव्हती. तिला पोहता येत नव्हतं. बोर्नमथला गेलो तरी ती काचा वर करून गाडीत बसायची आणि तिथूनच समुद्राकडे बघायची. पण तीच म्हणाली, "अहो, तिला नीट जाड सूट घेऊन देऊ. मग बघा." बाबा बघतो म्हणाले.

बोर्नमथच्या त्या दुकानात रबराचा आणि मेणाचा असा वास होता की अजूनही कुठे आला तर मी जागच्या जागी थांबते. दुकानदाराने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. वेटसूट पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत शिरतंच; त्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि मग तो आतच राहावा लागतो. म्हणून सूट अंगाला चिकटलेला हवा. काखेत, पाठीच्या खोलगट भागात, मानेपाशी जागा राहिली की कोमट पाणी निघून जातं आणि गार आत येतं. छाती-पाठीला पाच मिलिमीटर जाडी घ्या, हातांना तीन, म्हणजे हात मारताना दमायला होत नाही. गुडघ्यांवर दुहेरी रबर बघा, तिथेच सूट आधी फाटतो.

आईने सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि मोठं माप मागितलं.

मग तिने तो सूट काउंटरवर उलटा केला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून बघितला आणि शिवणीपाशी येऊन नाक मुरडलं. "आत माया ठेवलेलीच नाही यांनी," ती म्हणाली. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. ते नसलेला कपडा तिच्या लेखी फसवणूक होता. मग आरशासमोर उभं राहून तिने सूट स्वतःच्या खांद्यांना लावून बघितला. सगळे कपडे ती असेच बघायची.

"आई, इट्स टू बिग. आत पाणी शिरेल."

"मग? पाण्यातच जायचंय ना तुला?"

दुकानदाराने तिच्यापुढे हात टेकले. बाबांनी लेबलवरची जाडी वाचली, "पाच आहे ना, मग झालं," म्हणाले आणि पार्किंग मीटर संपत आलं म्हणून बाहेर पळाले.

पहिल्या रविवारी मी मोठ्या ऐटीत पाण्यात शिरले. पहिलीच लाट मानेतून आत आली, पाठीवरून घसरली आणि दोन्ही पायांत जाऊन बसली. मी बाहेर आले तेव्हा माझ्या गुडघ्यांपाशी पाण्याचे फुगे लोंबत होते. ओठ निळे पडले होते. आई गाडीतून उतरून टॉवेल घेऊन धावत आली आणि बाबा काही बोलायच्या आत म्हणाली, "मी आत घेऊन देते."

तिने तो तिच्या पद्धतीने आत घेतला. कापायचा प्रश्नच नव्हता, वाढतं अंग. जादा रबर आत दुमडलं आणि मशीनवर टीप मारली. दोन सुया मोडल्या, पण काम झालं. पुढच्या रविवारी सूट घट्ट बसला खरा, पण बाजूच्या शिवणींमधून गार पाणी असं बारीक बारीक टोचत आत येत होतं की कुणी अंगभर टाचण्या खुपसतंय. दुमडलेलं रबर काखेत घासून कातडं सोललं ते वेगळंच. परतताना गाडीत मला खोकला आला. एकदाच, आणि मी तो गिळायचा प्रयत्नही केला, पण बाबांचे कान डॉक्टरचे.

"पुरे आता," ते म्हणाले.

"एक संधी द्या," आई म्हणाली. "चूक तिची नाही, माझ्या शिवणीची आहे."

"शेवटची," बाबा म्हणाले. मी मागच्या सीटवर ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःची टीप उसवली आणि कंपनीची शिवण खिडकीच्या उजेडात धरून बघत बसली. बाहेरून टाका दिसत होता. आतून दिसतच नव्हता. सुई रबराच्या आरपार गेलीच नव्हती, अर्ध्या जाडीतून फिरून परत वर आली होती. "अगं, ही तर तुरपाई," ती म्हणाली. साडीला फॉल लावताना ती आयुष्यभर असाच टाका घालत आली होती, सुलट्या बाजूला दिसू न देता. आधी कडेला कड चिकटवायची आणि वरून तुरपाई, एवढंच त्यातलं गुपित. ती ट्रेनने एकटी बोर्नमथला जाऊन त्याच दुकानातून रबर चिकटवायच्या गमाची ट्यूब घेऊन आली. बाबांच्या हॉस्पिटलमधून वाकडी सुई मिळाली. मग तिने तिच्या जिवावर आलेली गोष्ट केली. कात्री घेतली आणि जादा रबर कापून टाकलं. म्हणजे कापलं, टाकलं नाही. त्या काळ्या लांब पट्ट्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गेल्या आणि डबा कपाटात गेला.

संध्याकाळी शाळेतून आले की ती खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर तो काळा सूट आणि नाकावर चष्मा. एका टाक्याचं टोकही आत निघू द्यायचं नाही म्हणून ती श्वास रोखून सुई फिरवायची. बोटं गमाने काळी झाली होती. आमच्या पोळ्यांनासुद्धा आठवडाभर रबराचा वास येत होता. बाबांनी हूं की चूं न करता त्या खाल्ल्या.

एका दुपारी घरी आले तर खालून हाक मारूनही उत्तर नाही. वर बाथरूमचं दार उघडं होतं. आत टबमध्ये गळ्यापर्यंत गार पाणी आणि त्या पाण्यात माझा वेटसूट घातलेली माझी आई. कपाळावर टिकली, केसांचा अंबाडा, शेजारी खिडकीत स्वयंपाकघरातलं घड्याळ. माझ्यापेक्षा ती बुटकी, पण अंगाने भरलेली. सूटचे पाय घोट्यांवर दुमडलेले आणि पाठीची चेन अर्ध्यावरच अडकलेली.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"कुठून गळतंय ते बघतेय. मागून येतंय ते सोड, ते चेनमुळे. शिवणीतून एक थेंब नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं पाणी बोचेल. नाही गं बोचत. बरं वाटतंय."

तिला त्यातून बाहेर काढायला मला फार झटापट करावी लागली. वेम्बलीच्या साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशव्या पावलांत घालून सूटचे पाय घसरवायचे, ही युक्ती आम्हाला त्या दिवशी सापडली. ऐन झटापटीत बाबा घरी आले. दारात उभं राहून त्यांनी एक हात अडकलेल्या, थंडीने लाल झालेल्या आपल्या बायकोकडे बघितलं. त्यांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले, बाथरोब घेऊन आले आणि मला म्हणाले, "रविवारी जा."

त्या रविवारी मी मैत्रिणीच्या आधी पाण्यात शिरले आणि तिच्यानंतर बाहेर आले. हात गार पडले, नाक गार पडलं, पण सूटच्या आत मी कोमट होते. लांबवर आमची गाडी दिसत होती आणि धुकट काचेवर आईने हाताने पुसून केलेलं एक भोक. माझी छाती त्या हिवाळ्यात भरली नाही. पुढच्याही नाही.

तो सूट मी युनिव्हर्सिटी संपेपर्यंत घातला. वाढतं अंग चौदाव्या वर्षीच वाढायचं थांबलं होतं, हे आईने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. प्रत्येक वेळी घरी आले की गोड्या पाण्यात धुऊन, रेशमी साडीसारखा उलटा करून ती तो सावलीत वाळवायची. नोकरी लागल्यावर मी माझा माझा नवा सूट घेतला. नव्वदच्या दशकात वेटसूटचं रबर जास्त मऊ झालं होतं आणि तो पहिल्यांदाच अगदी माझ्या मापाचा होता. जुना टाकून देते म्हटल्यावर आई म्हणाली, "राहू दे इथे." मला वाटलं, सवय.

आई आता नाही. तिची आठवण कुठल्या रूपात येते असं कुणी विचारलं तर लोकांना साडी, पोळ्या, देवघर अशा उत्तरांची अपेक्षा असते. मला ती आठवते ती मी नवा सूट घेतला त्यानंतरच्या सप्टेंबरमधली.

मी दोन दिवसांसाठी घरी आले होते आणि आम्ही तिघं बोर्नमथला गेलो. मी पाण्यात शिरायच्या तयारीत होते, तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं आणि आई उतरली. जुना सूट घालून. दोन्ही बाजूंना काखेपासून घोट्यापर्यंत आइस्क्रीमच्या डब्यातल्या त्याच काळ्या पट्ट्या परत लावलेल्या होत्या. तुरपाईचा एक टाकासुद्धा वेडावाकडा नव्हता. चेन मानेपर्यंत लागली होती. बाबा मागून तिचा चष्मा आणि थर्मास घेऊन येत होते.

"वाढत्या अंगाचा घेतला होता ना," आई म्हणाली. "वाढलं माझं."

"पण तू तर कधी... तुला पोहता येत नाही, आई."

"पोहायचं कुठे म्हणतेय मी? दुकानात आरशापुढे धरला तेव्हाच वाटलं होतं, बसेल आपल्याला. पण तुझं आधी होऊ दे म्हटलं."

इतकी वर्षं ती काचा वर करून त्या समुद्राकडे बघत बसायची आणि मी समजत होते की तिला भीती वाटते. बाबा काठावरून ओरडून छातीबद्दल काहीतरी सांगत होते. तिने ऐकलं नाही. माझं मनगट घट्ट धरून ती कमरेइतक्या पाण्यात आली. एक लाट आली आणि तिच्या खांद्यांवरून गेली. ती डोळे मिटून उभी राहिली.

"शिरतंय का पाणी?" मी विचारलं.

"शिवणीतून नाही," ती म्हणाली. "चल, अजून थोडं पुढे."