तीन चाकांवरचा खडू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे, कुठे चिडतो, कुठे फुशारकी मारतो, पण हे नाही. तुम्हाला सांगतोय. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमत असावं.

आधी एक ऐकून घ्या. टायरच्या कामात अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आखाडा बाळापूरला रस्त्यालगत माझं दुकान. लोक मला उस्ताद म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. ट्रक असो, जीप असो — मी कधी टेप लावला नाही. चाक आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालायची आणि सांगायचं, कुठला टायर बसेल. गर्व होता? होता. अजून आहे. कबुली द्यायला बसलो म्हणून खोटं नम्र कशाला व्हायचं?

दुकानात माझा भागीदार शेषराव. हवेचं काम त्याचं. त्याची एक रीत होती — हवा भरली की गेज लावायचा, थोडं थांबून पुन्हा लावायचा, आणि दोन्ही वेळा आकडा जुळला तरच तो खडूनं टायरवर लिहायचा. चारही चाकांवर. मी त्याला चिडवायचो, तू मास्तर व्हायचास, चुकून इथं आलास. पण शेषरावचा खडू दिसला की ड्रायव्हर पुन्हा हवा बघत नसत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जवळच्या तांड्यावरचा प्रकाश, पुण्यात इंजिनिअर झालेला, तांड्यातला पहिलाच, मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. मागचे टायर गुळगुळीत झाले होते, एकशे पंच्याण्णव मिलिमीटर रुंदीचे. "काका, दोनशे पाच टाकू का दोनशे पंचवीस? मागून रुंद दिसली पाहिजे बघा." पुण्यात दुकानं नव्हती का? तरी तो माझ्याकडे आला. सांगा, छाती फुगणार नाही?

बाजाराचा दिवस होता. पन्नासेक माणसं जमली. गाडी जॅकवर उचललेली. मी फटीत बोटं घातली — चार बोटं आरामात. म्हणालो, दोनशे पंचवीस.

शेषराव जवळ येऊन हळूच बोलला, "उस्ताद, चाक लटकून राहिलं. गाडी खाली घे, मागं दोन पोती टाक, मग माप. काहून घाई करून राहिला?"

बराबर बोलत होता. जॅकवर चाक खाली लोंबतं आणि फट मोठी दिसते. उंच ट्रकला, जीपला त्यानं काही बिघडत नाही, पण ही गाडी तशी नव्हती. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण आकडा तोंडातून गेला होता — पन्नास माणसांसमोर. "तू तुझी हवा बघ," मी म्हणालो. लोक हसले. शेषरावही जरासा हसला.

टायर बसले, गाडी खाली आली. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून पुन्हा हात घातला. जेमतेम एक बोट. हात काढला, फडक्याला पुसला आणि प्रकाशला म्हणालो, जा बिनधास्त.

त्याच दुपारी तो वडिलांना घेऊन सिद्धेश्वरचं धरण बघायला गेला. हिरामण नाईक — जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस, लेकाच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला. येताना एका खड्ड्यात गाडी दबली, मडगार्डच्या कडेनं मागचा उजवा टायर चिरला आणि गाडी शेतात गेली. प्रकाशला खरचटलं. हिरामणचा पाय मोडला. पुढे तो चालू लागला, पण लंगडतच.

निरोप आला तसा मी मोटारसायकल काढली. शेषराव मागून जीपनं येत होता. बापलेकांना दवाखान्यात नेलेलं. गाडीपाशी दोन-चार शेतकरी उभे. टायरच्या कडेला गोल कापल्याची रेघ होती. दुसऱ्या मागच्या चाकावरही तशीच, थोडी उथळ. ती वाचता येणारा तिथं मी एकटा. आणि त्या फाटलेल्या टायरवर, जरा खाली, शेषरावचा खडू. अठ्ठावीस. एक रेषही पुसटलेली नव्हती.

मी वाकलो. टायर तपासतोय असं दाखवलं — आणि अंगठ्यानं तो आकडा पुसला.

शेषराव आला तेव्हा मी एवढंच म्हणालो, हवा कमी होती. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. तीन चाकांवर खडू, चौथ्यावर नाही. तो तिथंच मातीत बसला. "माझ्याकडूनच राहिलं असंल," म्हणाला.

तो माझ्याशी भांडला असता तर? मी भांडलो असतो, जिंकलोही असतो. तो भांडलाच नाही. हिरामणच्या पाया पडून आला. महिनाभरात दुकान सोडलं आणि कुरुंद्याला भावाच्या शेतात हळद करायला गेला. मी प्रकाशला दोनशे पाचचे नवे टायर फुकट बसवून दिले. उस्ताद मनाचा मोठा, असं लोक म्हणाले. मला ते ऐकायला आवडलं. लाज वाटते, पण आवडलं हे खरं आहे.

मधे एका लग्नात शेषराव भेटला. पोराच्या मोटारसायकलची हवा त्यानं निघताना तीनदा तपासली. तरी बसल्यावर मागं वळून चाकाकडे बघितलं.

माझं दुकान जोरात चालतं. गाडी खाली घेतल्याशिवाय, मागं वजन टाकल्याशिवाय मी आता माप घेत नाही. लांबलांबची पोरं ते शिकायला येतात आणि त्याला उस्तादांची पद्धत म्हणतात. मी त्यांना थांबवत नाही. पद्धत शेषरावची आहे.

त्या चौथ्या चाकावर आकडा होता. त्याच्याच हातचा, दोनदा जुळवून लिहिलेला. अठ्ठावीस.